रिकाम्या खुर्चीचा भाव

दोस्तांनो, आज मैदानावर जाण्याआधी जरा कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात डोकावू या.

समजा, तुमच्या घरी जो अंगाचा साबण येतो त्याची किंमत एकदम दुप्पट झाली. आई काय करेल? दोन मिनिटं कुरकुरेल आणि पुढच्या महिन्यात दुसरा साबण आणेल. तुम्हीही चार दिवसांत जुन्याचा वास विसरून जाल. साबणावर कुणी जीव टाकत नाही, खरं ना?

आता समजा, ज्या फुटबॉल संघासाठी ओरडून ओरडून तुमचा घसा बसतो, त्या संघाच्या सामन्याचं तिकीट दुप्पट झालं. मग काय कराल? समोरच्या संघाचं तिकीट स्वस्त आहे म्हणून त्याच्या बाजूनं ओरडायला लागाल? छे! शक्यच नाही. एक तर घरी हट्ट करून जास्त पैसे मागाल, नाहीतर तोंड पाडून घरी बसाल. पण संघ काही बदलणार नाही.

इथेच तर सगळी गोम आहे. चाहता म्हणजे जगातलं सगळ्यात पक्कं गिऱ्हाईक. तो दुकान बदलत नाही. आणि पक्कं गिऱ्हाईक दिसलं की भाव वाढवण्याचा मोह भल्याभल्यांना आवरत नाही. मात्र हा मोह किती ताणायचा, याला मर्यादा असते. ती ओलांडली की काय होतं, त्याच्याच या आठवड्यात गोष्टी.

पण त्याआधी एक प्रश्न. मैदानावर बसलेला माणूस क्लबला फक्त पैसेच देतो का हो?

याचं उत्तर २०२० साली सगळ्या जगाला मिळालं. करोनामुळे प्रेक्षकांना बंदी झाली आणि रिकाम्या मैदानांवर सामने सुरू झाले. जर्मनीत मुंशनग्लाडबाख नावाच्या क्लबानं खुर्च्यांवर चाहत्यांचे पुठ्ठ्याचे हजारो पुतळे बसवले. इंग्लंडमध्ये टीव्हीवर गर्दीचा आवाज मुद्दाम घातला जाई. सगळं होतं, पण जत्रा नसलेल्या देवळासारखं वाटायचं. त्यातून एक गंमतीची गोष्टही उघड झाली. घरच्या मैदानावर खेळणारा संघ जास्त वेळा जिंकतो, हा फुटबॉलचा जुना नियम. पण २०२०-२१ च्या प्रीमियर लीगमध्ये पाहुण्या संघांनी घरच्या संघांपेक्षा जास्त सामने जिंकले. इंग्लंडच्या अव्वल लीगच्या सगळ्या इतिहासात हे पहिल्यांदाच घडलं! मैदान तेच, गवत तेच, गोलपोस्ट तेच. नव्हती ती फक्त माणसं. प्रेक्षकाला ‘बारावा खेळाडू’ म्हणतात ते उगीच नाही.

आपल्या मुंबईच्या वाट्यालाही हे आलं बरं का. मुंबई सिटी एफसीनं इंडियन सुपर लीगचं पहिलं विजेतेपद मिळवलं ते १३ मार्च २०२१ ला, गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानावर. बिपिन सिंगनं अगदी शेवटच्या मिनिटाला गोल मारून मोहन बागानला हरवलं. असा गोल म्हणजे मैदान डोक्यावर घ्यायचा क्षण. पण डोक्यावर घ्यायला मैदानात होतं कोण? समोर नुसत्या रिकाम्या खुर्च्या!

तर ही झाली रोगाच्या साथीनं रिकामी केलेली मैदानं. पण माणसांच्या चुकांनीही मैदानं रिकामी होतात. त्यासाठी इंग्लंडला जायला हवं.

दुसरं महायुद्ध संपलं आणि कंटाळलेली, थकलेली माणसं पुन्हा फुटबॉलकडे धावली. १९४८-४९ च्या हंगामात इंग्लंडच्या लीग सामन्यांना एकूण ४ कोटी १२ लाखांहून अधिक लोक आले. गिरणी-कारखान्यांतले कामगार शनिवारी दुपारी काम सुटलं की थेट मैदानावर जायचे. तिकीट स्वस्त. बसायला खुर्ची नाही, पायऱ्यांवर दाटीवाटीनं उभं राहायचं. बापाच्या खांद्यावर बसून पोरगं सामना पाहायचं, आणि मोठं झालं की आपल्या पोराला खांद्यावर घ्यायचं. अशी ती निष्ठा घराण्यातून वाहत जायची, आपल्याकडे पंढरीची वारी जाते ना, तशीच.

आणि १९८५-८६ मध्ये? तोच आकडा घसरून १ कोटी ६५ लाखांवर आला. म्हणजे निम्म्याहूनही खाली! असं का झालं? घरोघरी टीव्ही आला, सुट्टी घालवायचे दुसरे मार्ग आले, हे तर खरंच. पण मैदानंही जुनाट आणि धोकादायक झाली होती. शिवाय टोळक्यांच्या मारामाऱ्या. आपला संघ आवडणं वेगळं आणि समोरच्याचं डोकं फोडणं वेगळं, हे काही लोक विसरले होते. मग बाप म्हणू लागला, ‘नको रे बाबा, पोराला कुठे घेऊन जातोस तिकडे!’

त्यातच १५ एप्रिल १९८९ चा दिवस उजाडला. शेफिल्ड शहरातल्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांचा सामना होता. जाळीच्या कुंपणाआड गर्दी चेंगरली आणि लिव्हरपूलचे ९७ चाहते मरण पावले. सुरुवातीला दोष चाहत्यांवरच ढकलला गेला. पण त्यांच्या घरच्यांनी वर्षानुवर्षं लढा दिला, आणि २०१६ मध्ये ज्यूरीनं स्पष्ट सांगितलं की चाहत्यांचा यात काही दोष नव्हता, पोलिसांच्या बंदोबस्तातच गंभीर चुका होत्या.

या दुर्घटनेनंतर न्यायमूर्ती टेलर यांनी जानेवारी १९९० मध्ये आपला अंतिम अहवाल दिला. मोठ्या मैदानांवर सर्वांना बसायला खुर्ची हवी, असं त्यांनी सुचवलं. आणि त्याबरोबर आणखी एक शहाणपणाची गोष्ट लिहिली : खुर्ची दिली म्हणून तिकीट भरमसाट वाढवायचं कारण नाही. उदाहरण म्हणून त्यांनी ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावरच्या ६ पौंडांच्या खुर्चीचा दाखला दिला.

खुर्च्या आल्या, कुंपणं गेली, मैदानं चकाचक झाली. लोक परत येऊ लागले. १९९२ मध्ये प्रीमियर लीग सुरू झाली, टीव्हीचा पैसा धो धो वाहू लागला. पण तिकिटाबद्दलचं वाक्य मात्र सोयीस्करपणे विसरलं गेलं! भाव चढत गेले, चढतच गेले. मैदानं भरत होती, म्हणून क्लबांना वाटलं, सगळं ठीक चाललंय. भरत होती खरी, पण कुणी भरत होती? खांद्यावर पोरगं घेऊन येणारा तो कामगार बाप बाहेर राहिला आणि त्याच्या जागी जास्त पैसे मोजणारा पाहुणा आला. खुर्ची भरलेली दिसते, म्हणून आतलं बदललेलं माणूस पटकन कळत नाही.

मग आली ६ फेब्रुवारी २०१६ ची दुपार. लिव्हरपूलचं मैदान अॅनफील्ड. समोर संडरलंडचा संघ. क्लबनं नवीन मोठा स्टँड बांधायला घेतला होता आणि त्यातल्या सगळ्यात महाग तिकिटाचा भाव जाहीर केला होता ७७ पौंड. त्या वेळच्या दरानं सात हजारांहून जास्त रुपये. तेही एका सामन्याचे! आणि गंमत म्हणजे त्याच सुमारास प्रीमियर लीगला टीव्हीकडून तीन वर्षांसाठी पाच अब्ज पौंडांहून जास्त रक्कम मिळणार होती. चाहते म्हणाले, ‘तिजोरी फुटायची वेळ आली, तरी आमचाच खिसा कापता?’

सामन्यात लिव्हरपूल दोन गोलांनी पुढे. घड्याळात ७७ वं मिनिट लागलं आणि सुमारे दहा हजार माणसं जागेवरून उठली. भांडण नाही, तोडफोड नाही, दगडफेक नाही. उठली आणि शांतपणे घरी चालू लागली. बघता बघता मैदानात रिकाम्या खुर्च्यांचे पट्टे दिसू लागले. त्यानंतर काय झालं असेल? उरलेल्या वेळात संडरलंडनं दोन गोल केले आणि सामना २-२ असा बरोबरीत सुटला! आता गोल का झाले, हे खात्रीनं कुणी सांगू शकत नाही. पण बारावा खेळाडू मैदान सोडून गेला होता, एवढं मात्र नक्की.

काही दिवसांतच मालकांनी माफी मागितली. ७७ पौंडांचं तिकीट रद्द झालं आणि भाव दोन हंगाम गोठवले गेले. पुढच्याच महिन्यात प्रीमियर लीगच्या सगळ्या क्लबांनी मिळून ठरवलं की पाहुण्या संघाच्या चाहत्याकडून ३० पौंडांपेक्षा जास्त घ्यायचे नाहीत. तीन वर्षांसाठी केलेला हा नियम नंतरही वाढवत नेला. अर्थात, एवढ्यानं तिकिटं स्वस्त झाली असं समजू नका हं. पण साबणाचं गिऱ्हाईक एकेकटं निघून जातं, चाहते मात्र एकदम उठू शकतात, हे मालकांना कळलं.

त्याच फेब्रुवारीत जर्मनीतही असाच प्रकार झाला. तिकडे क्लबच्या कारभारात सभासदांचं मत बहुमतात असावं, असा नियम आहे. त्यामुळे तिकिटं इंग्लंडच्या मानानं स्वस्त असतात. डॉर्टमुंडच्या मैदानात तर एका बाजूला सुमारे २५ हजार माणसं उभी राहून सामना पाहतात. पिवळ्या कपड्यांची ती भिंतच! पण स्टुटगार्टला सामना असताना पाहुण्या चाहत्यांना लावलेला भाव या मंडळींना पटला नाही. ती वीस मिनिटं उशिरा आत आली आणि मैदानात टेनिसचे चेंडू फेकू लागली. फुटबॉलच्या मैदानात टेनिसचे चेंडू! खेळ थांबला, चेंडू गोळा करावे लागले, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्तमानपत्रांत तिकिटांच्या भावाचीच चर्चा.

आता जरा वही-पेन्सिल घ्या. आपण एक बेरीज-गुणाकार करू. आकडे मी मनानेच घेतोय हं, फक्त हिशेब समजण्यासाठी.

एका मैदानात दहा हजार खुर्च्या आहेत. तिकीट ३०० रुपये ठेवलं तर २ हजार लोक येतात. किती पैसे जमले? ६ लाख. आता तिकीट १०० रुपये ठेवलं तर ६ हजार लोक येतात. किती जमले? तेच ६ लाख! गल्ला दोन्हीकडे सारखाच. पण दुसऱ्या मैदानात चार हजार गळे जास्त आहेत. त्यात तुमच्याएवढी कितीतरी पोरं आहेत. त्यांतली निम्मी जरी पुन्हा आली, तरी पुढची चाळीस वर्षं ती येत राहतील. बाहेरच्या वडापाववाल्याचा धंदा तिप्पट. खेळाडूच्या अंगावर काटा. हे सगळं गल्ल्यात दिसत नाही, म्हणून गल्ल्याकडेच बघणाऱ्याला ते कळत नाही.

पण दोस्तांनो, निष्ठेची सगळ्यात भारी गोष्ट अजून सांगायचीच आहे. ती आहे लंडनच्या विंबल्डनची. टेनिसची नाही, फुटबॉलची!

विंबल्डन हा छोटासा, १८८९ साली सुरू झालेला क्लब. १९८८ मध्ये त्यानं बलाढ्य लिव्हरपूलला १-० असं हरवून एफए कप जिंकला. पुढे १९९१ मध्ये त्याला आपलं प्लाऊ लेन हे मैदान सोडून दुसऱ्याच्या मैदानात भाड्यानं राहावं लागलं. मालकांना मात्र आणखी दूर जायचं होतं, सुमारे ९० किलोमीटरवरच्या मिल्टन कीन्स गावात. चाहते म्हणाले, क्लब म्हणजे काय भाजीची हातगाडी आहे, इथून उचलून तिथे लावायला? पण मे २००२ मध्ये स्थलांतराला परवानगी मिळाली.

मग चाहत्यांनी काय केलं? त्यांनी स्वतःचा नवा क्लब काढला, एएफसी विंबल्डन! खेळाडू निवडायला गावच्या मोकळ्या माळावर सगळ्यांना बोलावलं. दोनशेहून जास्त पोरं हजर. १० जुलै २००२ ला पहिला मैत्रीपूर्ण सामना झाला. निकाल? ४-० असा सपाटून पराभव! पण तो पाहायला ४,६५७ लोक आले होते. संघाला जागा मिळाली ती शिडीच्या पार खालच्या पायऱ्यांवर, हौशी संघांच्या लीगमध्ये. तरी सामन्यामागून सामन्याला तीन-तीन हजार माणसं. आणि तिकडे जुन्या क्लबाकडे? त्याच हंगामातल्या एका सामन्याला प्रेक्षक होते फक्त ८४९! एवढ्या मोठ्या मैदानात ८४९ माणसं म्हणजे लग्नाच्या हॉलमध्ये नुसते भटजी आणि आचारी.

पुढे चाहत्यांच्या संघानं नऊ वर्षांत पाच बढत्या मिळवून २०११ मध्ये व्यावसायिक लीग गाठली. चाहत्यांनी पैसे उभे केले, आणि नोव्हेंबर २०२० मध्ये संघ आपल्या प्लाऊ लेनवर, नव्या मैदानात परत आला. एकोणतीस वर्षांनी! पण ते दिवस करोनाचे होते ना. ज्यांनी मैदान बांधलं, त्यांनाच पहिल्या सामन्याला आत जाता आलं नाही. तरीही त्या रिकाम्या खुर्च्या आणि जुन्या क्लबच्या रिकाम्या खुर्च्या यांत केवढा फरक! एकीकडे माणसं यायला तळमळत होती, दुसरीकडे ती उठून गेली होती.

तुम्ही म्हणाल, हे सगळं तिकडचं झालं. आपल्याकडे काय?

आपल्याकडे प्रेक्षक नव्हते असं मुळीच नाही. १३ जुलै १९९७ ला कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर ईस्ट बंगाल आणि मोहन बागान यांचा फेडरेशन कपचा सामना झाला. बायचुंग भुतियानं तीन गोल केले. तो पाहायला आलेल्यांचा आकडा सांगतात १ लाख ३१ हजार ७८१! इंडियन सुपर लीग २०१४ मध्ये सुरू झाली, तेव्हाही सामन्यामागे सरासरी वीस हजारांवर लोक यायचे. पुढे २०१८-१९ पर्यंत ही सरासरी तेरा हजारांच्या आसपास आली. त्याला कारणं बरीच. अडीच महिन्यांची जत्रा होती, ती पाच महिन्यांची शाळा झाली. मुंबईसारखे काही संघ छोट्या मैदानात गेले. आणि नव्याची नवलाईही ओसरली.

पण सगळा दोष तिकिटाच्या भावाला देऊन चालणार नाही. १ जून २०१८ ची गोष्ट पाहा. अंधेरीच्या मुंबई फुटबॉल अरीनामध्ये भारताचा सामना होता चायनीज तैपेईशी. भारत ५-० असा जिंकला. कप्तान सुनील छेत्रीनं हॅटट्रिक केली. पाहायला माणसं किती? २,५६९! मुंबईसारख्या शहरात!

दुसऱ्या दिवशी छेत्रीनं एक छोटीशी चित्रफीत लोकांसमोर ठेवली. हात जोडून तो म्हणाला की, आम्हाला नावं ठेवा, टीका करा, शिव्या द्या, पण मैदानावर या. तुम्ही युरोपातल्या क्लबांवर प्रेम करता, आमचा दर्जा त्यांच्याएवढा नाही हेही मान्य. पण तुमचा वेळ वाया जाणार नाही, एवढी मेहनत आम्ही करू. ४ जूनला केनियाविरुद्धचा सामना त्याचा शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना होता. तिकिटं संपली! मुंबईचा पाऊस धो धो कोसळत होता, तरी मैदान भरलेलं. भारत ३-० असा जिंकला, त्यातले दोन गोल छेत्रीचे. सहा दिवसांनी भारतानं ती स्पर्धाच जिंकली.

आता विचार करा. तीन दिवसांत शहर तेच, मैदान तेच, संघ तोच. फक्त कुणीतरी बोलावलं. देशाच्या कप्तानानं हात जोडेपर्यंत वाट पाहायची का आपण?

कोल्हापूरकरांना असं बोलवावं लागत नाही बरं का! तिकडे तालमींचेच फुटबॉल संघ आहेत. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब, शिवाजी तरुण मंडळ... ज्या पेठेत जन्म, त्या पेठेच्या तालमीचा पाठिंबा. शाहू स्टेडियमवर मोठा सामना असला की हजारो माणसं. तिथे मुलाला संघ निवडावा लागत नाही, संघच त्याला निवडतो. कधी कधी ईर्षा हाताबाहेर जाते, हुल्लडबाजी होते, ती वाईटच. जिथे मारामारी सुरू होते तिथून घरची माणसं दूर राहू लागतात, हा इंग्लंडचा धडा त्यांनीही लक्षात ठेवायला हवा. पण घराजवळचा संघ आपला मानणं ही गोष्ट मात्र कोल्हापूरकडून शिकावी.

तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या अंगात मेस्सीचा नाहीतर रोनाल्डोचा शर्ट असतो. असू द्या की! दूरच्या संघावर प्रेम करायला काहीच हरकत नाही. पण दूरच्या निष्ठेला तिकीट लागत नाही, ऊन लागत नाही, पाऊस लागत नाही. बार्सिलोनाला तुमची खुर्ची रिकामी राहिल्याचं कळणारसुद्धा नाही. तुमच्या शाळेच्या, जिल्ह्याच्या, शहराच्या संघाला मात्र ती लगेच दिसते.

आणि आई-बाबा, हा परिच्छेद तुमच्यासाठी. मुलाला मैदानावर न्यायचं म्हणजे नुसतं तिकीट नसतं. रिक्षा, लोकल, खाणंपिणं आणि रविवारची विश्रांती, सगळ्याचाच हिशेब असतो, हे ठाऊक आहे. पण शाळांचे आणि जिल्हा लीगचे सामने बऱ्याच ठिकाणी फुकट किंवा अगदी स्वस्तात पाहता येतात. वर्षातून दोनदा तरी न्या. सवय लहानपणीच लागते. आणि क्लब चालवणाऱ्यांनो, चुकून हे पान तुमच्या हाती पडलं तर, मुलांचं तिकीट स्वस्त ठेवा. आज बाहेर राहिलेलं पोरगं उद्या पगार घेऊ लागलं, तरी आत येईलच असं नाही.

या आठवड्याचा प्रश्न : मघाच्या हिशेबातल्या मैदानाचे अध्यक्ष तुम्ही आहात. तिकीट किती ठेवाल? आणि गल्ला न घटता मुलांना आत आणायला काय युक्ती कराल? आणखी एक. तुमच्या गावात किंवा शहरात तुम्ही मैदानावर जाऊन पाहिलेला शेवटचा सामना कोणता, किती माणसं होती, हेही कळवा. ‘एकही नाही’ असं उत्तर असेल, तर आधी एक सामना पाहून या आणि मगच लिहा. आम्ही वाट पाहू!